मानेचा काळेपणा घासून जात नाही

संपादक महोदय,
स.न.

वजन कमी करण्यावर तुमच्या पुरवणीत सारखं काही ना काही येत असतं, पण पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोनचं गणित बिघडवणारा आजार) असलेल्या बाईला त्यातलं निम्मं लागूच पडत नाही, म्हणून हे पत्र. माझं निदान व्हायच्या आधी चार वर्षं मी मान घासत होते. खरंच. मागच्या बाजूला काळपट, जाडसर पट्टा आला होता, मला वाटायचं मळच असेल, स्क्रब लावून लावून कातडी सोलली पण पट्टा तिथंच. रक्तात इन्सुलिन जास्त झालं की कातडी अशी होते, हे फार नंतर कळलं. तोवर सगळे माझ्या वजनाकडेच बघत होते, मानेकडे कुणाचं लक्ष नाही.

"वजन उतरवा, पाळी आपोआप येईल" एवढंच सांगून मला दोनदा परत पाठवलं. पण शरीर इन्सुलिनला दाद देत नाही म्हणून ते अजून इन्सुलिन बनवतं, त्या जादा इन्सुलिनमुळे अंडाशयातून पुरुषी हार्मोन वाढतात, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात आणि चरबी पोटावर चढते, हे कुणीतरी समजावून सांगायला नको का? मी आपली रात्रीचं जेवण बंद करून बसले, ६ किलो गेले, ८ परत आले.

मग आहारतज्ज्ञ बाईंनी जेवण बंद नाही तर बदलायला लावलं. प्रत्येक जेवणात प्रोटीन, भाज्या, गोड पेयं बंद. अमकंच डाएट पीसीओएसला सगळ्यात भारी असं काही नाही, २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही तेच म्हणतात, जे वर्षभर निभेल ते करा. आणि सडपातळ व्हायचीही गरज नाही, ५ ते १० टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींना फरक पडतो. मी ८० ची ७५ झाले आणि पाळी आली, कॅलेंडर बघून रडले मी.

गोळीबद्दल पण लिहा प्लीज. मेटफॉर्मिन ही मुळात मधुमेहाची गोळी, वजनाची नाही, तिने वजन उतरलं तरी थोडंसंच, तिचं खरं काम इन्सुलिनवर. पहिले पंधरा दिवस पोटाने माझा जीव खाल्ला, ५०० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबत आणि हळू विरघळणारी सुरू केली तेव्हा कुठे जमलं. बरीच वर्षं घेतली तर बी-१२ जीवनसत्त्व तपासावं लागतं. आणि तिच्यामुळे बीज सुटायला लागलं तर दिवस राहू शकतात, हे तर मला मैत्रिणीकडून कळलं! सध्या वजन उतरवायच्या ज्या इंजेक्शनांची हवा आहे त्यातलं सेमाग्लुटाइड मूल हवं असेल तर निदान २ महिने आधी थांबवावं लागतं, जाहिरातीत हे कोण सांगणार.

एखाद्या डॉक्टरांकडून यावर नीट लेख लिहून घ्या, फक्त त्यात "इच्छाशक्ती" हा शब्द नको. माझं वजन अजून ७४ वर अडलंय, मान मात्र बरीच उजळलीय.

आपली,
एक नियमित वाचक