पुन्हा एक पेटी

जालना जिल्हा,
4 नोव्हेंबर

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही, ही टोचणी मनाला आहेच. पण आज जे घडले ते तुझ्यावाचून कोणाला कळणार नाही, म्हणून मुलींची जेवणे आटोपताच लिहायला बसले. तब्येत ठीक, गुडघा तेवढा दुखतो.

आज सकाळी आठवीतल्या एका मुलीचे वडील तिला न्यायला आले. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन झालेली, दोन दिवसांत ट्रक निघणार, आणि मुलीचे लग्नही जमवलेले. कारण तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांचे एक एकक, धरतात आणि लग्न झालेल्या जोडीला स्वतंत्र उचल मिळते. मुलगी चौदा वर्षांची आहे. अठराच्या आत लग्न लावणे गुन्हा आहे, 2006 चा कायदा आहे, असे मी आवाज चढवून सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "बाई, तुमी आठवीपस्तोरच ठिवता ना? मंग नववीला पोरीला कुठं ठिवू, फडात?"

सुनंदा, माझ्याकडे उत्तर नव्हते. ग्रामीण भागातले स्त्री-साक्षरतेचे प्रमाण देशाच्या सरासरीहून कमी, अशा मागास तालुक्यांसाठी 2004 मध्ये आमच्यासारखी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये, मुलींच्या निवासी शाळा, निघाली, तीही सहावी ते आठवीपुरतीच. 75 टक्के जागा दलित, आदिवासी, इतर मागास आणि अल्पसंख्याक मुलींना, उरलेल्या दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलींना. 2018 पासून सरकारच्या 'समग्र शिक्षा' योजनेत ती बारावीपर्यंत वाढवण्याची तरतूद आहे, पण आमच्या शाळेत नववी अजून आलेली नाही. हंगामात आईबाप कारखान्याकडे गेले की धाकटे भावंड कडेवर घेऊन फडाच्या बांधावर बसायचे, ते या मुलींचे इथे टळते. अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी 1896 मध्ये आश्रम काढला तेव्हापासूनची ही गोष्ट आहे: घरात राहून जिचे शिक्षण होऊच शकत नाही, तिला आधी निजायला सुरक्षित जागा द्यावी लागते, पाटी त्यानंतर. ती जागा आपण चौदाव्या वर्षी काढून घेतो, हे मला सहन होत नाही.

आणि वडील काही दुष्ट नाहीत गं. मागल्या वर्षी मुकादमाच्या वहीतली बेरजेची चूक याच मुलीने पकडली, हे त्यांनीच मला किती कौतुकाने सांगितले होते!

ती दारापाशी पत्र्याची पेटी घेऊन उभी राहिली आणि मला आपल्याबरोबर शिकणारी, अशीच शाळेतून नेलेली रुक्मिण दिसली. पेटीवर तसेच खडूने नाव, तशीच सुतळीने बांधलेली कडी. तू त्या दिवशी म्हणालीस, बाईंना जाऊन सांगू. मी तुझा हात धरला आणि म्हणाले, त्यांच्या घरचा प्रश्न आहे. पुढे महिनाभर तू माझ्याशी बोलली नाहीस, माझ्या वाट्याचा शिराही खाऊन टाकलास, आणि मी तुलाच आगाऊ म्हणत राहिले. तुझे बरोबर होते. हे इतक्या वर्षांत मी तुला लिहिले नव्हते.

आज मात्र मी दारात उभी राहिले. दुपारी तिच्या आजीलाही बोलावून घेतले. शेवटी परीक्षेपर्यंत मुलगी इथे राहील, लग्नाचे नंतर पाहू, एवढ्यावर ते गेले. एप्रिल किती जवळ आहे ते तुला सांगायला नको.

तुझ्या मुलाची नोकरी लागली हे वाचून फार आनंद झाला. सूनबाई कशी आहे? घराचे छत झाले का?

माझे एक काम कर. संभाजीनगरात नववीच्या मुलीला ठेवून घेणारे एखादे वसतिगृह, शासकीय असो वा संस्थेचे, स्वतः जाऊन पाहून ये. फोनवर विचारू नकोस, न्हाणीघराला आतून कडी आहे का तेही बघ. जागा मिळाली तर तिच्या वडिलांना पत्ता लिहून देता येईल.

पेटी मी माझ्या खोलीत आणून ठेवली आहे.

तुझीच,
कुसुम