टिलबरीच्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी गँगवेपाशी तुम्ही मला सोडलंत, तेव्हा 'आभारबिभार काही मानायचे नाहीत हं' असं बजावून गेलात. म्हणून महिनाभर गप्प बसलो. पण आता हे सगळ्यांसमोर लिहितोय, म्हणजे तुम्हाला मध्येच थांबवता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो. मी मालवाहू जहाजावर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आहे. आमच्या हर्णैला अजून सारंगच म्हणतात. कॅनडातल्या क्युबेकहून गहू भरून लंडनजवळच्या टिलबरी बंदराकडे निघालो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आबा गेल्याचा निरोप आला. आबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते, चाळीस वर्षं हर्णैच्या बंदरातून होडी काढली त्यांनी. अटलांटिकच्या मधोमध माणूस काय करणार? कंपनीने सांगितलं, बदली माणूस पुढच्या बंदरात मिळेल. टिलबरीला लागलो तर तिथेही नाहीच. वाद घालायचं त्राण नव्हतं. दुसरा दिवस दहाव्याचा.

सकाळी पाऊस आला आणि गव्हाचं जहाज म्हटल्यावर हॅच, म्हणजे मालाच्या कोठारांची झाकणं, बंद. ओलं धान्य कोण घेणार? काम थांबलं, चीफ ऑफिसरने स्वतःहून संध्याकाळी सहापर्यंत सुट्टी दिली. खलाशांच्या सेंटरमध्ये पोरं सिमकार्डं घेत होती, लेकसाइडच्या मॉलला जायची व्हॅन भरत होती. मी कोपऱ्यात फोन कानाला लावून उभा होतो. धाकटा भाऊ सांगत होता, पाऊण तास झाला तरी कावळा शिवला नाही. आईने सगळं कबूल करून पाहिलं, बँकेचं कर्ज फेडू म्हणाली, होडी विकणार नाही म्हणाली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवला. भाऊ पुढे काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. आबांचं मन कशात अडकलं असणार ते दोघांनाही कळत होतं.

फोन ठेवला आणि मागून आवाज आला, "अरे, कुठला तू?"

परक्या बंदरात मराठी कानावर पडलं की माणूस आधी दचकतो. तुम्ही हातातली किल्ल्यांची जुडी टेबलावर ठेवलीत, सगळं ऐकून घेतलंत आणि सांत्वनाचं एक वाक्य बोलला नाहीत. आयुष्यभर नर्सचं काम केलेल्या माणसाला ते जमतं बहुतेक. एवढंच म्हणालात, "देऊळ इथून लांब आहे. पण दर्यावर्दींची एक जागा मला माहीत आहे. येतोस?" सेंटरची व्हॅन तितक्या लांब नेता येत नव्हती, म्हणून ड्युटी दुसऱ्या काकांच्या गळ्यात घालून तुम्ही स्वतःची गाडी काढलीत.

ब्लॅकवॉलच्या बोगद्यातून थेम्सच्या खालून पलीकडे, ग्रिनिचला. रस्ताभर तुम्ही सांगत होतात आणि मी अर्धवट ऐकत होतो. पण आश्चर्य म्हणजे ते सगळं लक्षात राहिलंय. म्हातारे, जखमी खलाशी शेवटी जाणार कुठे, म्हणून 1694 साली इथे त्यांच्यासाठी आश्रयस्थान स्थापन झालं. 1814 मध्ये तिथे 2,710 जण राहत होते. जो दारू पिऊन सापडेल त्याला शिक्षा म्हणून लाल बाह्यांचा पिवळा कोट घालून फिरावं लागायचं. तेव्हा मी पहिल्यांदा हसलो. आबा तिथे असते तर त्यांनी दुसऱ्या रंगाचा कोट कधी बघितलाच नसता.

त्या आश्रयस्थानाच्या चॅपलच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, दारातच फ्रँकलिन नावाच्या इंग्रज कप्तानाच्या मोहिमेचं स्मारक आहे. 1845 साली कॅनडाच्या उत्तरेच्या बर्फातून पॅसिफिककडे जायची वाट शोधायला दोन जहाजं गेली, 129 माणसं, एकही परत आला नाही. एकाचा सांगाडा 1869 मध्ये बर्फाळ बेटावर सापडला, तो इंग्लंडला आणून या स्मारकाखाली पुरला. बरीच वर्षं तो एका लेफ्टनंटचा समजत होते, आताच्या तपासणीनुसार बहुधा तो जहाजावरच्या डॉक्टरचा असावा. मी तिथे बराच वेळ उभा होतो. 129 घरांत कुणाचा दहावा कधी घातला असेल? कुठला दिवस धरून?

आत गेलो तर पांढऱ्याकाळ्या फरशीच्या मधोमध नांगराचं चिन्ह, दोर गुंडाळलेला. बोसनच्या दृष्टीने हा अपशकुनच. नांगर असा दोरात गुरफटून वर आला की आमच्या तोंडून ज्या शिव्या बाहेर पडतात त्या चर्चमध्ये आठवूही नयेत. जगभरातल्या नौदलांनी नेमकं तेच चिन्ह छातीवर का लावलं, हे कोडं मला वीस वर्षांत सुटलेलं नाही.

आणि मग समोरचं ते चित्र. 25 फूट उंच, बेंजामिन वेस्टचं. जुनं चॅपल 1779 च्या आगीत जळालं, ते परत बांधून 1789 ला उघडलं त्या वेळचं. जहाज फुटून माल्टा बेटावर लागलेली माणसं, पाऊस, थंडी, शेकोटी, आणि मधोमध संत पॉल. तुम्ही कुजबुजत गोष्ट सांगितलीत. चौदा दिवस वादळ, जहाजावर 276 माणसं, रात्री तळ उथळ होत चालला तसे खलाशांनी मागच्या बाजूने चार नांगर टाकले. मी तुम्हाला मध्येच थांबवून म्हटलं, काकू, ही गोष्ट लिहिणारा जहाजावर बसलेला असणार. एरवी नांगर नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून, टाकतात. मागून टाकला की जहाज वळत नाही, तोंड किनाऱ्याकडे राहतं, म्हणजे उजाडल्यावर दोर तोडून सरळ वाळूत घालता येतं. घरात बसून हे सुचत नाही.

किनाऱ्यावर आल्यावर पॉल शेकोटीसाठी काटक्या गोळा करतो आणि त्यातून साप निघून हाताला डसतो. तो नुसता हात झटकतो, साप आगीत. मी म्हटलं, "फुरसं!" जरा मोठ्यानेच. पुढच्या बाकावरच्या बाई वळून बघायला लागल्या. पण कोकणात ज्याने पावसाळ्याआधी लाकूडफाटा गोळा केलाय त्याला दुसरं काय आठवणार? मी सातवीत असताना आबांनी माझ्या हातातली मोळी अशीच हिसकावून फेकली होती. त्यातून फुरसं निघालं. आबा काही बोलले नाहीत, बिडी पेटवली, हात थरथरत होता तेवढं मला दिसलं.

तिथे मग मला रडू आवरलं नाही. तुम्ही उठून दोन बाकं मागे जाऊन बसलात. काकू, खांद्यावर हात ठेवणारे पुष्कळ भेटतात. उठून मागे जाऊन बसणाऱ्या तुम्हीच. मुख्यतः त्यासाठी हे पत्र.

बाहेर आलो तेव्हा पाऊस थांबला होता. नदीच्या कठड्यापाशी तुम्ही पिशवीतून स्वतःचा जेवणाचा डबा काढलात. दहीभात, वर लोणच्याची फोड. म्हणालात, "मंत्रबिंत्र मला येत नाहीत. ठेव." मी कठड्यावर घास ठेवला. दूर चिखलात दोन कावळे होतेही, एक मान वाकडी करून बघत होता. मी हात जोडले, मनात म्हटलं, आबा, साइन ऑफ झालो, जहाजावरून सुटलो, की थेट घरी येतो. एवढ्यात कुठून तरी भलामोठा सीगल आला, घास, फोड, सगळं एका झडपेत घेऊन गेला. कावळा बघतच राहिला.

जन्मभर ज्यांनी होडीवरून या पाखरांना शिव्या घातल्या त्या आबांचा घास सीगलने न्यावा! तुम्ही तोंडावर पदर, म्हणजे तो रेनकोटचा कॉलर, धरून हसत होतात. मीही हसलो. घरी फोन करून सांगितलं तर आई आधी गप्प, मग तीही हसली. म्हणाली, "त्यांचं असंच, कधी सरळ काही केलं नाही."

सहाला दहा मिनिटं कमी असताना जहाजावर पोचलो. गडबडीत तुमचा डबा माझ्याच पिशवीत राहिला. स्टीलचा, झाकणावर नाव कोरलेला. केबिनमध्ये आहे, घासून ठेवलाय. पुढच्या महिन्यात साइन ऑफ आहे. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, मग त्यात काय भरू? आईला विचारतो.

तुमचा,
हर्णैचा सारंग