वस्तादांना मीच नको सांगितलंय

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, ठरलंय ते आधी सांगून टाकते, मग हवं तेवढं रागवा. तुमची रविवारची मालीश मी बंद केली. वस्तादांना फोन केला होता. ते काही रागावले नाहीत, उलट "पोरी, मलाबी दिसतंय की" म्हणाले. बुधवारी सकाळी दहाला तुमच्या दुखऱ्या डाव्या खांद्यासाठी एक फिजिओथेरपिस्ट बाई घरी येतील. बोवेन पद्धतीनं, हलक्या हातानं उपचार करतात त्या. पैशांचं मी बघते. आणि आई, त्यांच्यासाठी शिरा-पोहे मांडत बसू नकोस, चहा पुरे.

वस्तादांच्या हाताला नावं ठेवायची नाहीत मला. पण तो हात ज्या अंगासाठी तयार झालाय, ते पहाटे लाल मातीत घाम गाळून आलेलं विशी-पंचविशीतलं अंग. तेल लावून, कोपर रोवून रगडलं की ते मोकळं होतं. तुमच्या अंगात आता साखर आहे, आणि स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी आहे. अशा अंगावर कोपर दाबला की कातडीखाली रक्त साकळतं. दंडावरचा जांभळा डाग तुम्ही 'वात बाहेर पडला' म्हणून काकांना कौतुकानं दाखवत होता ना, तो हाच.

खांद्याचं नीट समजून घ्या. सांध्याभोवती जे आवरण असतं ते सुजतं, जाड होतं, आकसतं. मधुमेह असलेल्यांना हे जास्त होतं, त्यात तुमचा काही दोष नाही. आधी काही महिने दुखतं, रात्री जास्त. मग दुखणं उतरतं पण हात अडकतो, आणि मग हळूहळू सुटतो. सगळं मिळून १ ते ३ वर्षं. तुम्ही अजून पहिल्या टप्प्यात आहात. आत्ता कुणी हात धरून वर ओढला की सूज वाढते, आजूबाजूचे स्नायू आणखी घट्ट होतात आणि दुसऱ्या दिवशी हात कालपेक्षा कमी उचलतो. म्हणून एवढी घाई केली मी. तुम्हाला विचारून करायला हवं होतं म्हणाल, पण विचारलं असतं तर 'बघू दिवाळीनंतर' झालं असतं.

आता बुधवारी काय होईल ते सांगते. तेल नाही, कपडे काढायचे नाहीत. बनियन आणि पातळ लेंगा चालेल. दिवाणावर पालथं झोपायचं. दम लागला तर सांगा, कुशीवर किंवा खुर्चीवरही करता येतं. बाई कंबरेपासून सुरुवात करतील, कण्याच्या दोन्ही बाजूंना. अंगठ्यानं कातडी जराशी मागे ओढायची, स्नायूच्या कडेला बोट टेकवून क्षणभर थांबायचं, आणि मग त्या स्नायूवरून बोट हळूच पलीकडे घरंगळवायचं. एवढंच. मिटलेल्या पापणीवर जेवढा दाब सहन होईल तेवढाच दाब. असे दोन-चार हात झाले की त्या खोलीतून बाहेर जातील. बाबा, गडबड इथंच होणार. 'गेली कुठं बाई?' म्हणून उठून बसू नका! निदान २ मिनिटं तसंच पडून राहायचं असतं. शरीराला उत्तर द्यायला वेळ मिळतो असं ही मंडळी मानतात. मला विचाराल तर, शेजारी कुणी उभं असलं की तुम्ही तालमीच्या गप्पा सुरू करणार आणि खांदे कानाला लावून पडणार, म्हणूनही ते बाहेर जाणं बरं. पुढे पाठ, मांडीची मागची बाजू, मान, आणि शेवटी खांद्याच्या गोल स्नायूवर मागून-पुढून. सगळं पाऊण तासात आटपतं.

'एवढ्यानं काय होतंय?' हे मला इथं पुण्यात ऐकू येतंय. पद्धत ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग गावच्या टॉम बोवेन यांची. ते डॉक्टर नव्हते. १९८२ मध्ये गेले, नंतर शिष्यांनी ती जगभर नेली. पुरावा म्हणाल तर तोकडा आहे, हे लपवत नाही. ऑस्ट्रेलिया सरकारनंच १ एप्रिल २०१९ पासून ती खासगी आरोग्य विम्यातून काढली. तरी बोलावतेय, कारण दुखऱ्या अंगाला त्यानं उसंत मिळाल्याचं काही जण सांगतात आणि तुमच्या गोळ्या, आईची हाडं पाहता त्यात धोका कमी. खांदा सुटणार तो व्यायामानं आणि वेळेनं. दुखणं थोडं उतरलं तर तुम्ही व्यायाम कराल, एवढाच माझा हिशोब. तीन वेळा, आठ-आठ दिवसांनी. फरक नाही पडला तर बंद, मी हट्ट धरणार नाही.

त्या दिवशी पाणी थोडं थोडं पीत राहा. संध्याकाळी रंकाळ्यावर सपाटीनं २० मिनिटं चाला. कट्ट्यावर बैठक मारून तासभर नाही, अर्ध्या तासानं उठायचं. त्या आठवड्यात दुसरी मालीश, गरम पिशवी, बर्फ काही नको, नाहीतर कशानं बरं वाटलं आणि कशानं बिघडलं ते कळत नाही. एखाद-दोन दिवस अंग ठणकेल, झोप येईल. येऊ दे.

पण डाव्या हाताबरोबर छातीत दडपण आलं, घाम फुटला, तर तो खांदा समजू नका. दादाला उठवा आणि तडक हॉस्पिटल गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

रोज तीनदा: उजवा हात टेबलावर टेकून वाका, डावा हात सैल सोडा, लहान लहान गोल फिरवा, १० एका बाजूनं, १० दुसऱ्या. ताण जाणवला पाहिजे, कळ नाही. शर्ट घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. झोपताना त्या हाताखाली उशी घ्या. निळी उशी माळ्यावर आहे, वहिनी काढून देईल.

आणि सलूनमध्ये केस कापून झाल्यावर ते मान कडकन मोडून घेणं आजपासून बंद. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्या झटक्यानं फाटू शकते. पैसे टाका आणि उठा.

आई, तुझंही बुधवारीच. 'आधी ह्यांचं होऊ दे' चालणार नाही, मी बाईंना दोघांचं सांगून ठेवलंय. तुझी हाडं ठिसूळ झालीत हेही सांगितलंय, त्यामुळे तुझ्या पाठीवर कुणीही जोर देणार नाही. शेजारच्या काकूंनी सुचवलं तरी पाठीवर पोराला चालायला लावायचं नाही! मणका दबायला तेवढं पुरतं. भाकरी ओट्यावर उभ्यानं थाप, एका पायाखाली पाट घे. उठताना आधी कुशीवर वळ, पाय खाली सोड, मग हातानं रेटून बस.

पिंटूचे पाय रात्री दुखतात म्हणालीस. दोन्ही पाय, पोटऱ्या आणि मांड्या, सकाळी उड्या मारतोय, म्हणजे वाढीचंच दुखणं. ३ ते १२ वर्षांच्या मुलांत असतं. ते तूच कर, बाई नकोत. त्याला पालथं झोपव, हात चोळून कोमट कर. दोन्ही अंगठे पोटरीच्या मधोमध ठेव, कातडी सरकव आणि स्नायूवरून आडवं हळूच ने. एका पायाला दोनदा. पांघरूण घाल, २ मिनिटं थांब, मग मांडीच्या मागं तसंच. शेवटी पाऊल त्याच्या नडगीकडे वळवून २० सेकंद धर, तीनदा. गुदगुल्या झाल्या तर हात फारच हलका पडतोय. पाय आखडून घेतला तर जड. तुला शिकवायची गरज नाही खरं, माझ्या कानदुखीला तुझा नुसता तळहात पुरायचा. अजून कधी कान ठणकला की तोच आठवतो. पण एकच पाय दुखला, सांधा सुजला, ताप आला, किंवा सकाळी लंगडला तर चोळत बसू नको, मुलांच्या डॉक्टरांकडे ने.

मला यायला जमत नाहीये याचं वाईट वाटतं, ते आल्यावर बोलू. बाईंना पुढच्या दारानं घ्या, मागच्या पायऱ्या शेवाळल्यात.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, डाग पडतात म्हणून रक्ताची गोळी स्वतःहून बंद करायची नाही. मालीश बंद केलीय, गोळी नाही.