कचरा होता की रे!

डोंबिवली,
रविवार

प्रिय बंड्या,

ओल्या-सुक्याचे दोन डबे ठेवावे लागतात म्हणून परवा फोनवर वैतागलास आणि वर छातीठोकपणे म्हणालास, "आपल्या लहानपणी चाळीत कचरा नव्हताच." घरात पाहुणे होते म्हणून तेव्हा वाद घातला नाही. आता घालतो.

अर्धं तुझं खरं. रद्दी रद्दीवाल्याला, जुनी लुगडी बोहारणीला नाहीतर गोधडीत, शेगडीची राख भांड्यांना, नारळाची शेंडीसुद्धा त्याच राखेत. आरेच्या दुधाच्या बाटल्या केंद्रावर परत. त्यांची चंदेरी बुचं तेवढी आपण पळवायचो. पण उरलेलं? ते मागच्या खिडकीतून थेट घरगल्लीत, दोन चाळींमधल्या त्या अरुंद बोळात! माशाचे काटे, केसांची गुंतवळं, फुटक्या कपबश्या. पुढल्या दारात रांगोळी आणि मागे हे. तुझी आजी तिसऱ्या मजल्यावरून "पाणीऽऽ" म्हणून ओरडायची, आणि ओरडणं संपायच्या आत ओतायची.

तू चेंबूरकर म्हणून मिरवतोस ना, मग हेही ऐक. कुर्ला-चेंबूर लाइन १९०६ साली टाकली ती कचऱ्याच्या गाड्यांसाठी. माणसं तिच्यावरून जायला लागली १९२४ पासून. देवनारला कचरा पडायला लागला १९२७ मध्ये. म्हणजे गिरगावचा कचरा तुझ्या कितीतरी आधी तुझ्या शेजारी राहायला गेलाय.

त्या घरगल्लीत रोज सकाळी एक माणूस उतरायचा. पालिकेचा. खाकी अर्धी चड्डी, खराटा, टोपली. माझं पितळी फुलपात्र खिडकीतून पडलं, तो दिवस आठवतो? त्यानं शोधून आणलं, पण वर आला नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलं आणि खालूनच हाक मारली. आईनं ते चिमट्यानं उचललं, निखाऱ्यांवर धरलं, मग चिंचेनं घासघास घासलं. त्याला दोन आणे दिले, तेही कठड्यावरून टाकून. त्यानं ते वरच्यावर झेलले. आपण दोघं टाळ्या वाजवून हसलो होतो, बंड्या.

काल रात्री झोप येईना. चाळीतली बिऱ्हाडं मजल्यांप्रमाणे मोजली, सगळी आडनावं आली. वाण्याच्या दुकानापुढं झोपणारा कुत्रा मोत्या, तोही आठवला. ह्याचं नाव काय होतं रे? तुला ठाऊक असेल तर कळव.

वहिनींना नमस्कार. गुडघा सांभाळ.

तुझा,
श्री