भ्रूण जिवंत ठेवूनही पाहता येतो

महोदय,

गेल्या महिन्यात सोलापुरातील एका नेत्रालयात हनुवटी टेकवून डोळ्याच्या पडद्याची ‘ओसीटी’ (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) तपासणी करून घेताना मला आमची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा आठवली. तेथे आम्ही उबवणीच्या तिसऱ्या दिवशीचे कोंबडीचे अंडे कात्रीने उघडून, बलकावरील लाल शिरांचे जाळे आणि मधोमध लुकलुकणारे ठिपक्याएवढे हृदय विद्यार्थ्यांना दाखवीत असू. तास संपेपर्यंत ते थंडावलेले असे.

१९९१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आदींनी जगापुढे मांडलेले ओसीटीचे हे तंत्र परावर्तित अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने ऊतींच्या एक-दोन मिलिमीटर खोलीपर्यंतचे थर दाखवते, आणि त्यामुळे अंड्यातला तोच भ्रूण न कापता, न रंगवता पुन्हा पुन्हा पाहता येतो. (कवचातून प्रकाश नीट जात नसल्याने अंड्याला छोटी खिडकी मात्र पाडावी लागते.) २००४ पासून रुळलेल्या ‘लाइट शीट’ सूक्ष्मदर्शकात तर बाजूने सोडलेला प्रकाशाचा पातळ पापुद्रा फक्त पाहायचा तेवढाच थर उजळतो, त्यामुळे भ्रूणाला प्रकाशाची इजा कमी होते.

ही यंत्रे आपल्या महाविद्यालयांना परवडणारी नाहीत, हे मान्य. परंतु भारतीय उपखंडातल्याच झेब्रा माशाचा भ्रूण पारदर्शक असतो आणि फलनानंतर सुमारे २४ तासांत त्याचे हृदय धडधडू लागते. ते साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसते. येथील प्राणिशास्त्र विभागांनी निदान एक काचेची टाकी तरी ठेवावी, ही विनंती.

– एक निवृत्त प्राध्यापिका, सोलापूर