शाईखालची अक्षरं

व्हेनिस, १२ नोव्हेंबर

ती. बाबांना शि. सा. न.

आईच्या गुडघ्याचं फोनवर कळलं. तेल लावायचा कंटाळा करू नकोस म्हणावं. पण हे पत्र तुमच्यासाठी आहे. जन्मभर छापखान्यात खिळे जुळवलेल्या माणसालाच ते नीट कळेल.

गेल्या आठवड्यात माझ्याकडे दुरुस्तीला एक हिब्रू ग्रंथ आला. सोळाव्या शतकातला, इथेच छापलेला. लहानपणी अलिबागला इस्रायल आळीतल्या सिनेगॉगमध्ये तुम्ही दाखवली होतीत, तीच चौकोनी अक्षरं. कागद अजून कडक आहे, पालथ्या बाजूला बोट फिरवलं की खिळ्यांचा दाब लागतो. आणि मध्येच दोन-दोन, तीन-तीन ओळी बोरूने खोडलेल्या.

शेवटच्या पानावर तपासनिसाची सही आहे: डोमेनिको इरोसोलिमितानो. बाबा, हा जेरुसलेमचा ज्यू, एके काळी रब्बी, म्हणजे त्यांचा धर्मगुरू! पुढे ख्रिस्ती झाला आणि चर्चसाठी ज्यूंचे ग्रंथ तपासू लागला. कुठल्या ग्रंथातलं काय खोडायचं, याची वहीच त्याने तयार केली. 'गोय', म्हणजे परधर्मी, हा शब्द दिसला की तो काढून 'तारे पूजणारा' घालायचा, म्हणजे तो ख्रिस्ती माणसाला लागू होणार नाही. आणि या खोडाखोडीचे पैसे पुस्तकाच्या मालकानेच भरायचे! ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

पण लोक पैसे भरत, कारण त्याआधी काय झालं ते त्यांना ठाऊक होतं. डॅनियल बॉम्बर्ग नावाच्या अँटवर्पच्या ख्रिस्ती छापखानेवाल्याने १५२० ते १५२३ मध्ये इथे पहिला संपूर्ण बाबिलोनी तालमूद, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांचा आणि त्यांवरच्या चर्चेचा मोठा ग्रंथ, छापला. त्याने बसवलेली पानं आजही तशीच छापतात. मधोमध मूळ, दोन्ही बाजूंना भाष्य. असं एक पान जुळवायला किती वेळ लागला असेल, हे तुम्हीच सांगू शकाल. पुढे १५५० मध्ये जुस्तिनियानी आणि ब्रागादिन या दोन छापखान्यांनी मैमोनिडीझ या जुन्या ज्यू पंडिताचा एकच ग्रंथ छापला आणि त्यांची जुंपली. तक्रारी रोमपर्यंत गेल्या. धंद्यातल्या भांडणातून तिथल्या धर्माधिकाऱ्यांचं लक्ष तालमूदकडे वळलं. सप्टेंबर १५५३ मध्ये रोमला, ज्यूंच्या नववर्षाच्या दिवशी, तालमूद जाळला. ऑक्टोबरात इथे सेंट मार्कच्या चौकात, तोही शनिवारी, त्यांच्या शब्बाथला, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशी. मी रोज त्याच चौकातून जाते.

आता तुमच्या विषयाचं. छपाईची शाई काजळी आणि जवसाच्या तेलाची, ती अजून काळीभोर आहे. तपासनिसाची शाई मायफळ आणि हिराकसाची. ती विटून तांबूस झाली आहे. खिडकीपाशी पान तिरपं धरलं की खोडलेली ओळ खालून वर येते. मी एकेक अक्षर लावत गेले आणि पूर्ण वाक्य वाचलं. दोन ठिकाणी मात्र त्या शाईने कागदच खाल्ला आहे. तिथे भोकं आहेत, तिथलं गेलं.

ती खोडाखोड धुऊन काढावी, असं मला फार वाटलं. आमच्या बाईंनी नको सांगितलं. तीही या पुस्तकावर घडलेली गोष्ट आहे, म्हणाल्या. पटायला दोन दिवस लागले. आता भोकांना मागून पातळ जपानी कागद लावते आहे, गव्हाच्या खळीने. खळ आईसारखीच करते, गुठळी होऊ न देता.

तुमची चिमटी आणि खिळे जुळवायची स्टिक अजून जपून ठेवली आहे ना? घरी आले की परत जाताना सोबत नेईन म्हणते.

तुमची,
मनू