वळीव आणि वाळवण

कोथरूड, पुणे
मेअखेर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी कविता परवा मिळाली. लगेच फोन करणार होतो, पण कवितेबद्दल फोनवर बोललं की 'छान जमलीय रे' याच्यापुढे गाडी जात नाही, आणि या कवितेची तेवढ्यावर बोळवण करायची माझी इच्छा नाही. चार वेळा वाचली. एकदा हिलाही वाचून दाखवली. म्हणून हे पत्र.

सुरुवात मला फार आवडली.

तीन दिवस घरात वैशाख,
दारं उघडी, तरी वारा नाही.

भांडणाच्या कवितेत दारं आपटली जातात, कड्या लागतात. तू दारं उघडी ठेवलीस. अबोला असाच असतो रे. दोघंही घरात, दोघंही एकमेकांच्या नजरेसमोर, चहा वेळेवर होतोय, आणि हवा मात्र जागची हलत नाही. हे वाचताना मला हाल सातवाहनाच्या 'गाथासप्तशती'तली ती गाथा आठवली. रुसलेले दोघं झोपेचं सोंग घेऊन पडलेत, श्वास रोखून एकमेकांची चाहूल घेतायत, आणि गाथा विचारते, 'को मल्लो?' यांच्यातला मल्ल कोण? आपल्या महाराष्ट्री प्राकृतातली ही गाथा. त्यात 'दोघंही' हा शब्द मुद्दाम आलाय, हे मला महत्त्वाचं वाटतं. नंतरच्या काव्यशास्त्रात रुसण्याला 'मान' म्हणून वेगळं खातं मिळालं आणि तो घालवायचे सहा उपाय सांगितले: साम, भेद, दान, नति (म्हणजे पाया पडणं), उपेक्षा आणि रसांतर. पण 'साहित्यदर्पण' हा त्या शास्त्राचा ग्रंथ उघडलास तर हे उपाय पतीने करायचे आहेत. म्हणजे रुसवा कुणाचाही असो, समजूत काढायची त्याने. गाथेत मात्र दोघंही रुसलेत आणि दोघंही कान देऊन पडलेत. तुझी कविता गाथेच्या बाजूची आहे, आणि ती तशीच राहायला हवी.

आता दुसरं कडवं.

आभाळ भरून आलं हडपसरकडून,
आधी धुळीने सगळ्यांचे डोळे मिटवले.

इथे तू खरं पाहिलंयस. आपल्याकडे मोसमी पाऊस पश्चिमेकडून येतो, वळीव मात्र पुष्कळदा पूर्वेकडून चढतो. आणि धूळ आधी का येते, माहीत आहे? दिवसभर तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते, ढगांचे मनोरे होतात, आणि वर पाऊस सुरू झाला की थंड, जड झालेली हवा खाली कोसळून जमिनीवर पसरते. पावसाच्या पुढे धावते ती हीच. म्हणजे धुळीने आपले डोळे मिटतात तेव्हा पाऊस कुठेतरी सुरू झालेला असतो. तुझ्या कवितेत याचा अर्थ काय होतो बघ. ज्या संध्याकाळी अबोला सगळ्यात जास्त ताणला गेलाय असं तुला वाटलं, त्या संध्याकाळी आत काहीतरी आधीच निवायला लागलं होतं. तू हे ठरवून लिहिलंस की नुसतं डोळ्यांनी पाहिलंस तसं उतरलं, मला माहीत नाही. पण या ओळीला हात लावू नकोस.

माझं भांडण आहे ते तिसऱ्या कडव्याशी. 'चातकाची तहान भागली, धरेने आकाशाला मिठी मारली.' अरे, वैशाखात चातक कुठून आणलास? तो आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो तो मोसमी पावसाच्या तोंडावर. तुझ्या तळजईवर या दिवसांत ओरडत असतो तो पावशा. त्याचं 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' ऐकलंयस ना? सूर चढत चढत जातो, टोकाला पोचून तुटतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. रात्रीसुद्धा. तीन रात्री झोप न लागलेल्या माणसाच्या कवितेत हा पक्षी नको का? आणि धरा-आकाशाची ती मिठी तर काढूनच टाक. दोन माणसांनी काय केलं ते सांगायचं टाळून तू आभाळाला पुढे केलंस, असं मला वाटलं.

कारण त्या संध्याकाळी काय झालं, ते तू मला फोनवर सांगितलं होतंस. वहिनींनी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. वळीव आला तसे तुम्ही दोघं दोन वेगवेगळ्या खोल्यांतून जिन्याकडे धावलात. जुन्या पातळाची दोन टोकं त्यांच्या हातात, दोन तुझ्या. आणि तीन दिवसांनंतरचे घरातले पहिले शब्द होते, 'वर धर, भिजतंय.' तू ते मला सांगताना तुझा आवाज बदलला होता. हे सगळं कवितेतून गेलं कुठे?

शास्त्रकार ज्याला रसांतर म्हणतात ते हेच. अचानक भीती, आनंद, गडबड असं काही घडतं आणि राग गळून पडतो. बाकीचे पाच उपाय करायचे असतात, हा आपोआप घडतो. पण मेघ गरजला आणि नायिका बिलगली, इतकं ते सोपं नाही. पावसाने तुम्हाला गच्चीवर आणलं, पातळाची टोकं तुम्ही धरलीत.

आणखी एक. ही म्हणाली, कुरडयांचा गहू तीन दिवस भिजत घालावा लागतो, रोज पाणी बदलावं लागतं, मग वाटून चीक काढायचा. म्हणजे अबोला आणि गहू एकाच वेळी भिजत होते! वहिनी बोलत नव्हत्या, पण रोज उठून पाणी बदलत होत्या. मी ऐकून गप्पच झालो. तुझ्या कवितेला हवा असलेला निसर्ग स्वयंपाकघरातल्या पातेल्यात होता.

माझंही सांगतो. गेल्या वर्षी गावच्या वाटणीच्या कागदांवर मी हिला न विचारता सही करून आलो. पाच दिवस बोलणं बंद. वेताळ टेकडीवर सकाळी जायचो मात्र दोघंही, वीस पावलांचं अंतर ठेवून. एका सकाळी जुन्या खाणीपाशी मोर ओरडला आणि ही थांबली. मी मागून येऊन शेजारी उभा राहिलो. मोर दिसला नाही. पण थांबायला निमित्त मिळालं होतं, आणि 'चुकलं माझं' हे मलाच म्हणावं लागलं. ते शब्द तोंडातून निघायला किती जड गेले, मला अजून आठवतं. म्हणून तुझ्या कवितेतल्या त्या मिठीवर माझा विश्वास बसत नाही, आणि 'वर धर'वर पूर्ण बसतो.

शेवट आहे तसाच ठेव.

सकाळी ऊन तेच होतं,
मातीने मात्र आत थोडी ओल ठेवली होती.

वळवाने उन्हाळा संपत नाही. दुसऱ्या दिवशी उलट जास्तच उकडतं. तू तसं लिहिलंस, खोटा श्रावण आणला नाहीस, यासाठी तुला मिठी मारावीशी वाटली.

नवी प्रत झाली की मला पाठव, पण त्याआधी वहिनींना वाचून दाखव. त्यातले निम्मे शब्द त्यांचे आहेत. त्यांना कुठे खटकलं तर ती ओळ त्यांच्या सांगण्याने बदल. रविवारी सकाळी आम्ही दोघं सहकारनगरला येतोय. त्या भिजलेल्या कुरडया पुन्हा नीट वाळल्या का, ही विचारतेय. नसतील तर गहू घेऊनच येऊ.

तुझाच
मित्र